गावच्या वाचनालयाने छापील पुस्तकं आणि कॉमिक्स घ्यावीत की टॅबलेट?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयाचा आहे. यंदा साठ हजार रुपये हाती येणार आहेत. समितीतल्या तरुण मंडळींचं म्हणणं असं की कॉमिक्स काय नि पुस्तकं काय, आता सगळं मोबाइलवरच येणार, तर छापील खरेदी बंद करून दहा टॅबलेट घ्यावेत. जुन्या सभासदांना हे पटत नाही. डिजिटलमुळे छापील जाणार का, आणि पैसे कशात घालावेत, असं विचारलं आहे.

दहा टॅबलेट घेऊ नका. काही जातीची पुस्तकं छापील राहणार नाहीत आणि राहायचं कारणही नाही. मुलांची चित्रपुस्तकं आणि कॉमिक्स मात्र त्यांत येत नाहीत. शिवाय वाचनालयाला पुस्तक वाचायला कसं वाटतं एवढंच पाहून चालत नाही, ते दहा जणांना फिरवून देता येतं का हे आधी पाहावं लागतं.

कॉमिक्सपासून सुरू करतो, कारण तिथला हिशोब फूटपट्टीने मांडता येतो. नेहमीचं अमेरिकन कॉमिक १६८ मिलिमीटर रुंद आणि २६० मिलिमीटर उंच असतं. साडेसहा इंची मोबाइलचा पडदा उभा धरला तर जेमतेम ६८ मिलिमीटर रुंद भरतो. म्हणजे पान मूळच्या चाळीस टक्क्यांवर येतं. फुग्यातली अक्षरं ९ पॉइंटची असतील तर ती साडेतीन पॉइंटची होतात. रोमन अक्षर त्या मापात कसंबसं ओळखू येतं, पण आपल्या लिपीला डोक्यावर मात्रा आणि पायाशी उकार आहेत. तिथे वेलांटी कुठे आणि रफार कुठे हे कळतच नाही. मग मूल दोन बोटांनी पान मोठं करतं. तसं केलं की चित्रकाराने मांडलेलं पान फुटतं. कोणती चौकट मोठी, कोणती अरुंद, डावीकडच्या पानावर दाबून ठेवलेला धक्का पान उलटल्यावर कसा बसतो, यावरच कॉमिक चालतं, आणि तेच हातून जातं. एकेक चौकट आपोआप पुढे सरकवणारी सोय काही ॲपमध्ये असते. त्याने अक्षर वाचता येतं, पण पान पाहायचं राहूनच जातं.

स्वस्त आठ इंची टॅबलेटवर तेच पान चौसष्ट टक्क्यांवर बसतं आणि अक्षर पावणेसहा पॉइंटचं होतं. लहान पोरांसाठी हेही बारीकच आहे. दहा इंचीवर पान ऐंशी टक्क्यांच्या आसपास येतं, अक्षर सव्वासात पॉइंटचं राहतं, आणि इथून पुढे कॉमिक बऱ्यापैकी वाचता येतं. साठ हजारांत दहा टॅबलेट बसवायचे तर सहा हजारांचा एक पडतो. त्या किमतीत बहुधा आठ इंची, मंद आणि थोड्याच दिवसांत जुना होणारा माल मिळतो. ई-शाईचं, म्हणजे कागदासारख्या काळ्या-पांढऱ्या पडद्याचं, सहा इंची वाचनयंत्र कादंबरीला उत्तम, पण कॉमिकचं पान त्यावर निम्म्याहून लहान होतं आणि रंग जातात. रंगीत ई-शाईचे पडदे आले आहेत. त्यांत काळं-पांढरं इंचाला ३०० बिंदूंनी उमटतं, रंग मात्र १५० बिंदूंनीच, त्यामुळे चित्र फिकट आणि धुरकट दिसतं.

यावर जपानचा दाखला दिला जातो, आणि तो खरा आहे. तिथे २०१७ मध्ये डिजिटल मांगाची, म्हणजे जपानी कॉमिक्सची, विक्री छापील मांगा-खंडांच्या पुढे गेली. पण मांगाचा खंड मुळातच साधारण ११ बाय साडेसतरा सेंटिमीटरचा असतो. तो काळ्या-पांढऱ्या रंगात छापतात, फुग्यात शब्द थोडे आणि अक्षर ठळक. मोबाइलवर तो साठ टक्क्यांवर येतो आणि वाचता येतो. कोरियात तर पान ही कल्पनाच सोडून दिली: चौकटी एकाखाली एक, अंगठ्याने वर सरकवत जायचं. ही कॉमिक्स मोबाइलसाठीच काढलेली असतात आणि मोबाइलवरच शोभतात. मराठीत कोणी उभ्या सरकत्या पट्टीत नवी चित्रकथा काढणार असेल तर तिने छापील होण्याचा हट्ट धरू नये. मात्र मोठ्या पानासाठी काढलेलं जुनं कॉमिक स्कॅन करून मोबाइलवर टाकलं म्हणजे डिजिटल कॉमिक झालं, असं होत नाही.

आणखी एक गैरसमज. आपल्याकडची छापील कॉमिक्स ई-पुस्तकांनी मारली नाहीत. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. ॲमेझॉनचं किंडल हे ई-वाचनयंत्र अमेरिकेतच २००७ मध्ये आलं. मधल्या काळात घराघरात टीव्ही आला, केबल आली. गावाकडे त्याहून मोठा घाव बसला तो विक्रीच्या जागांवर. एस.टी. स्टँडवरचा पुस्तकांचा स्टॉल गेला, तिथे वेफर्स आणि मोबाइलची कव्हरं आली. पुस्तक दिसायचंच बंद झालं की मागणारं पोरही राहत नाही. म्हणूनच तालुक्यात कॉमिक विकत मिळत नसेल तर गावचं वाचनालय ही त्याची उरलेली एकमेव जागा असू शकते. तीही आपणच बंद करायची का, हे समितीने नीट ठरवावं.

आता अक्षरी पुस्तकं. कादंबरी, चरित्र, लेख यांना पान फुटण्याचा त्रास नाही. चांगलं ई-पुस्तक मोबाइलवर सुखाने वाचता येतं, आणि मोतीबिंदू झालेल्या आजोबांना अक्षर चोवीस पॉइंटचं करून वाचता येणं ही छापील पुस्तकात नसलेली सोय आहे. या वाचकांसाठी डिजिटल खरोखर सरस ठरतं. अट एकच, पुस्तक नीट बनवलेलं हवं. मराठीत इथेच घोळ होतो. पुष्कळ जुनी पुस्तकं युनिकोडपूर्व, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणारी आजची अक्षरसंकेतांची पद्धत येण्याआधीच्या, फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. पडद्यावर ती मराठी दिसतात, आत मात्र रोमन अक्षरांचे संकेत भरलेले असतात. अशा फाइलमध्ये शब्द शोधता येत नाही, अंध वाचकाला यंत्र ती वाचून दाखवू शकत नाही, आणि रूपांतर करताना वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात.

पुस्तक स्वीकारण्याआधी तीन गोष्टी तपासा. एक, अक्षराचा आकार वाढवा. ओळी नव्याने जुळल्या तर ते ईपब आहे. नुसतं पान फुगून बाजूला सरकायला लागलं तर ती पीडीएफ आहे आणि मोबाइलवर त्रास देणार. दोन, एक शब्द निवडून व्हॉट्सॲपच्या चौकटीत चिकटवा. मराठी उमटली तर ठीक. रोमन अक्षरांची खिचडी उमटली तर जुना फॉन्ट आहे. शब्द निवडताच आला नाही तर ते नुसतं पानाचं छायाचित्र आहे. तीन, 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'स्त्री', 'ज्ञानेंद्रिय' असे शब्द शोधून डोळ्यांनी पाहा. 'दऱ्या'चा 'दर्या' झाला असेल तर रूपांतरानंतर मुद्रितशोधन झालेलं नाही, आणि पुढे अशा शेकडो चुका निघतील.

आता उसनं देण्याचा मुद्दा. छापील प्रत विकत घेतली की ती वाचनालयाची. ऐंशी रुपयांचं कॉमिक चाळीस पोरांनी नेलं तर एका वाचनाला दोन रुपये पडले, आणि ते कायद्यात बसतं. दुकानातून एका खात्यावर घेतलेलं ई-पुस्तक ही विकत घेतलेली वस्तू नसते. तो त्या खातेदाराला मिळालेला वाचनाचा परवाना असतो, आणि तो सभासदांत वाटता येत नाही. वाचनालयाच्या नावाने खातं काढून दहा टॅबलेटवर तेच पुस्तक उघडायचं, हा मार्ग बहुतेक दुकानांच्या अटींत बसत नाही. परवाना देणाऱ्याच्या हातात बरंच काही राहतं. २००९ मध्ये ॲमेझॉनने विकलेली काही ई-पुस्तकं ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली होती. पुढे कंपनीने माफी मागितली. फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तकं संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकायची सोयही बंद केली. मेळघाटात किंवा भामरागडकडे, जिथे नेटवर्क असेल तेव्हा असतं, तिथे तालुक्याला जाऊन पुस्तकं उतरवून आणायची एक वाट त्यामुळे गेली.

टेलिग्रामवर फिरणारे स्कॅन केलेले कॉमिक्सचे गठ्ठे वाचनालयाच्या संगणकावर ठेवू नका. ते चोरीचं आहे, आणि आज ना उद्या कोणी तक्रार केली तर मान्यता आणि अनुदान दोन्ही अडचणीत येतील. मात्र वाचनालयाकडे आधीच असलेलं जीर्ण पुस्तक जतनासाठी स्कॅन करून ठेवायला सार्वजनिक ग्रंथालयाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. ती जतनापुरतीच आहे, वाटण्यासाठी नाही.

मुक्त साहित्य कायद्यात राहूनही भरपूर मिळतं. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी लेखन सार्वजनिक होतं. मोजणी निधनाच्या पुढच्या वर्षापासून होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे. मराठी विकिस्रोतावर असा मजकूर मिळतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकं आणि 'किशोर' मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठीतली सचित्र बालपुस्तकं खुल्या परवान्यात आहेत. ती उतरवता येतात, छापता येतात आणि वाटताही येतात.

दरसाल बदलणारं साहित्य छापील घेण्यात अर्थ नाही. चालू घडामोडींची मासिकं, शासन निर्णय, भरतीच्या जाहिराती, योजनांच्या माहितीपुस्तिका, कापूस-सोयाबीनवरच्या फवारणीच्या शिफारशी हे सगळं डिजिटलच ठेवा. कीटकनाशकाची शिफारस आणि मात्रा बदलते. कपाटातलं पाच वर्षांपूर्वीचं पुस्तक पाहून कोणी वावरात फवारलं तर नुकसान होतं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची ताजी शिफारस मोबाइलवर पाहणं जास्त बरं. अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना मात्र व्याकरण, अंकगणित, बुद्धिमत्ता यांची पुस्तकं छापीलच लागतात. पेन्सिल घेऊन उदाहरण सोडवायचं, मागचं उत्तर पाहायचं, परत यायचं, हे पडद्यावर सारखं तुटतं. शिवाय हातात मोबाइल असला की पाचव्या मिनिटाला रील सुरू होते.

विदर्भाच्या हवेचा विचार दोन्ही बाजूंनी करावा लागतो. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि टिनाच्या छपराखाली बंद खोली त्याहून तापते. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज केली की तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. सुट्टीत टॅबलेट पूर्ण उतरलेला ठेवून कपाट बंद केलं तर जूनमध्ये तो सुरूच होत नाही, कधी बॅटरी फुगून पडदा उचललेला दिसतो. म्हणून उन्हाळ्यात बॅटरी निम्म्यावर ठेवा, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा निम्म्यापर्यंत भरा, आणि चार्जिंग सकाळीच करा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका.

छापील पुस्तकाचे शत्रू वेगळे. पावसाळ्यात मधल्या पिना गंजतात आणि कॉमिकचं मधलं जोडपान आधी सुटतं. गंजलेली पिन काढून घडीवर तीन किंवा पाच भोकं पाडून जाड सुती दोऱ्याने शिवलं की तेच कॉमिक पुढे कित्येक वर्षं जातं. सेलोटेप लावूच नका. ती पिवळी पडते, तेलकट डाग सोडते आणि काढताना छपाई उपटून आणते. खळीत मोरचूद घालायची बाइंडरांची जुनी रीत किडीसाठी चांगली, पण मोरचूद विषारी आहे. मुलांच्या पुस्तकांना पांढरा फेविकॉलच वापरा. रॅक भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवा, म्हणजे वाळवीची माती चढलेली दिसते. गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेलं पुस्तक भिजलं तर काही तासांतच त्याची पानं एकमेकांना चिकटतात आणि वाळल्यावर सुटत नाहीत. ते ओलं असतानाच पानापानात बटर पेपर घालून पंख्याखाली वाळवायचं, कडक उन्हात नाही. साधा मॅपलिथो कागद भिजला तरी वाळून परत वापरता येतो. म्हणून गळक्या खोलीच्या वाचनालयाने दोन आवृत्त्यांत निवड असेल तर साध्या कागदाची घ्यावी.

पैशांची विभागणी मी अशी सुचवेन. किमती ढोबळ आहेत. दहा इंची दोन टॅबलेट, चांगल्या कव्हरसकट, साधारण तीस हजार. राउटर, त्याला लाईन गेल्यावर चालू ठेवणारा छोटा यूपीएस आणि एक हार्ड डिस्क, मिळून सात-आठ हजार. दोरा, सुया, फेविकॉल, कव्हरचा प्लॅस्टिक कागद, बटर पेपर यांना दोन हजार. उरलेले वीस हजार पूर्ण छापील, आणि त्यातले निम्मे तरी मुलांच्या पुस्तकांवर. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. प्रकाशकाकडून थेट मागवताना टपाल खात्याची ज्ञान पोस्ट विचारा: मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत ३०० ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर रुपये असे दर ठेवले आहेत, कर वेगळा. मासिकं तिच्यात चालत नाहीत. टॅबलेट डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) आणि पुस्तकं दाखल नोंदवहीत, ही नोंद पहिल्याच दिवशी करा. तपासणीच्या वेळी इथेच शोधाशोध होते.

टॅबलेट घरी द्यायचे नाहीत. ते वाचनालयातच राहतील आणि मुक्त साहित्य सभासदांच्या स्वतःच्या मोबाइलवर जाईल. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. वाचनालयाच्या संगणकावर कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर टाका, पुस्तकं त्यात भरा आणि शेअरच्या बटणातून कंटेंट सर्व्हर सुरू करा. संगणकाचा स्थानिक पत्ता आणि त्यापुढे दोन टिंबं (:) देऊन ८०८० हा क्रमांक मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाकला की यादी दिसते. चालत नसेल तर बहुधा तीनपैकी एक कारण असतं. विंडोजच्या फायरवॉलने अडवलं असेल. सुरुवातीला ते परवानगी मागतं तेव्हा खाजगी नेटवर्कसाठी हो म्हणायचं. लाईन जाऊन आल्यावर राउटरने संगणकाला नवा पत्ता दिला असेल. राउटरच्या सेटिंगमध्ये पत्ता कायम करून ठेवायचा. किंवा या वायफायला इंटरनेट नाही असं पाहून मोबाइल गुपचूप स्वतःच्या डेटावर गेला असेल. मोबाइल डेटा बंद करायला सांगायचं. संगणक आपोआप झोपी जाणार नाही अशी सेटिंगही बघा.

चित्रपुस्तकांची पानं सुटी जेपीजी असतील तर त्यांना ००१, ००२ अशी तीन आकडी नावं द्या, सगळी झिप करा आणि फाइलच्या नावाची शेवटची तीन अक्षरं बदलून सीबीझेड (cbz, कॉमिक वाचायच्या ॲपना कळणारी फाइल) करा. शून्यं न लावता १, २, ३ अशी नावं दिली तर काही ॲप १ नंतर थेट १० दाखवतात आणि गोष्ट विस्कटते. बत्तीस पानांचं रंगीत पुस्तक इंचाला १५० बिंदूंनी ठेवलं तर साधारण पंधरा एमबी होतं, टॅबलेटला तेवढं पुरतं. जतनाची प्रत मात्र ३०० ला स्कॅन करून हार्ड डिस्कवर वेगळी ठेवा.

याच फाइलींतून छापील पुस्तकं बनवता येतात, आणि गावाकडच्या वाचनालयाला डिजिटलचा सर्वांत मोठा फायदा मला हाच वाटतो. स्टोरीवीव्हरवर गोंडीतल्या गोष्टी आहेत. परवाना खुला असल्यामुळे शाळेतल्या शिक्षकांनी कोरकूत, झाडीबोलीत किंवा वऱ्हाडीत नवं भाषांतर केलं तरी चालतं. अशी पुस्तकं बाजारात विकत मिळणं कठीण, कारण तेवढ्या थोड्या प्रतींसाठी ऑफसेटच्या चार रंगांच्या प्लेटा परवडत नाहीत. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून मात्र पाच प्रतीही काढता येतात. उभ्या पानाचं पुस्तक निवडा आणि पानांची संख्या चारच्या पटीत करा. कमी पडली तर शेवटी कोरी पानं घाला. पीडीएफ उघडून प्रिंटमध्ये बुकलेट निवडा, दोन्ही बाजूंनी, शॉर्ट एजवर उलटणारं. लाँग एज राहिलं तर मागचं पान उलटं छापून येतं. म्हणून आधी एकच कागद काढून पाहा. सोळा पानांच्या पुस्तिकेला ए-फोरचे चारच कागद लागतात. आतल्या पानांना ८० जीएसएम चालतो, ७० चा कागद घेतला तर मागचं चित्र पुढे दिसतं. मुखपृष्ठ जाड हवं असेल तर ते वेगळं छापा आणि बुकलेट करताना आतली पानंच मोजा. छापून घडी झाल्यावर अक्षर १८ पॉइंटच्या खाली येणार असेल तर ते पुस्तक पहिली-दुसरीच्या पोरांसाठी घेऊ नका. लेखक, चित्रकार, भाषांतरकार यांची नावं आणि परवान्याची ओळ असलेलं पान छापायचंच. खुल्या परवान्याची ती अट आहे. शिवण घडीवर दोऱ्याने घाला, पिन मारू नका. आणि प्रत्येक प्रतीला दाखल क्रमांक देऊन ती इतर पुस्तकांसारखीच फिरवा.